जाळाला हात कुणी लावायचा?

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल, ऑरोरा या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. ऑक्टोबर उजाडला की या घरांत वर स्वयंपाकघरात चकलीची भाजणी येते आणि खाली तळघरात फर्नेस घरघरायला लागते. महाराष्ट्रातल्या वाचकाला या दुसऱ्या प्राण्याची ओळख करून द्यायला हवी. फर्नेस म्हणजे छातीइतकं उंच पत्र्याचं कपाट. आत नैसर्गिक वायू जळतो. त्या जाळानं पत्र्याच्या बंद नळ्या तापतात, त्यांच्या बाहेरून पंखा घरातली हवा ढकलतो आणि तापलेली हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत पोचते. जाळ आणि हवा यांची गाठ कधी पडत नाही, पडू द्यायचीही नसते. दोघांमध्ये तेवढा एक पातळ पत्रा. मध्यम घराची फर्नेस तासाला ८० हजार बीटीयू, म्हणजे जवळपास २३ किलोवॉट उष्णता ओतते. आपल्या शेगडीचे दहा मोठे बर्नर एकदम पेटवल्यावर जेवढी होईल तेवढी. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३१ सेल्सियसवर गेला होता. अशा रात्री हे कपाट बंद पडलं तर माणसं शेजारी जाऊन झोपू शकतात, पण भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात.

तर हिवाळ्याआधीची या यंत्राची देखभाल घरच्या माणसानं करावी की नाही, हा वाद. एका बाजूला सासरे. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यातून बॉयलर अटेंडंट म्हणून निवृत्त झालेले, सध्या मुलाकडे मुक्कामाला. दुसऱ्या बाजूला सूनबाई. पुण्याच्या, पेशानं सॉफ्टवेअरवाल्या, घरातलं कुठलंही यंत्र उघडून बघितल्याशिवाय चैन न पडणाऱ्या. नावं देत नाही, अशी जोडी या भागात पुष्कळ घरांत निघेल. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. दोघांचं बोलणं थोडं जुळवून इथं मांडलं आहे.

सूनबाई : मामा, सावकाश उतरा, पायरी अरुंद आहे. आज फर्नेस करून टाकते. स्वयंपाकाला लागायच्या आत मोकळी होईन.

मामा : करून टाकतेस? आमच्याकडे बॉयलर करून टाकायला अख्खा ऑफ सीझन जायचा. गाळप संपलं की ओव्हरहॉलिंग सुरू. ट्यूबा आतून घासायच्या, गळक्या काढायच्या, भट्टीच्या विटा नव्यानं लावायच्या. मग बॉयलर इन्स्पेक्टर यायचा, पाण्याचा दाब देऊन टेस्ट घ्यायचा. १९२३ चा कायदा होता, बारा महिन्यांच्या वर सर्टिफिकेट द्यायचाच नाही. त्यानंतर अग्निप्रदीपन, पूजा, चेअरमनचं भाषण. एवढं होऊनही अटेंडंटकडे सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट नसलं तर बॉयलर त्याच्या ताब्यात देता येत नव्हता. तुझ्याकडे काय आहे?

सूनबाई : पाव इंची नटड्रायव्हर, व्हॅक्यूम क्लीनर आणि कंपनीचं मॅन्युअल.

मामा : मॅन्युअल वाचलंयस?

सूनबाई : पानं मळलीत बघा. मामा, माणूस बोलावला की शंभर-दीडशे डॉलर जातात. पैशांचंही सोडा. मागच्या वेळी जो आला त्यानं फिल्टर बदललं, पुढची पाटी काढून व्हॅक्यूम फिरवला, सही घेतली आणि जाता जाता नवीन फर्नेसचं कोटेशन हातात ठेवलं. तेवढं तर मीच करते. कोटेशन सोडून.

मामा : आणि आमचे चिरंजीव?

सूनबाई : तो वर चहा करतोय. त्याला हा भाग वर्ज्य. आणि पुरुषाचं काम, बाईचं काम असं काही काढणार असाल तर सांगून ठेवते, गॅसवर घर तापवायच्या भट्टीचं पेटंट १९१९ साली एका बाईनं घेतलंय. अॅलिस पार्कर. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनची, कृष्णवर्णीय. एका भट्टीतून वेगवेगळ्या खोल्यांना वेगवेगळी उष्णता द्यायची, ही तिची कल्पना.

मामा : मी तसं काही काढलं नाही. बाई-पुरुष ते तुमचं तुम्ही बघा. माझं म्हणणं सर्टिफिकेटाचं आहे.

मामांनी सकाळीच फर्नेसच्या दारावर हळदकुंकू लावून फूल ठेवलं होतं. कारखान्यात खंडेनवमीला बॉयलरची पूजा चुकली नाही, ती सवय. फूल एअर इनटेकपासून लांब ठेवा, एवढंच सूनबाई म्हणाल्या होत्या. आता त्या फर्नेसच्या बाजूच्या लाल पट्टीच्या स्विचकडे वळल्या. घरातल्या दिव्याच्या बटणासारखंच दिसतं ते, पण फर्नेसची वीज त्यानं तुटते. मामांनी हात आडवा घातला.

मामा : थांब. बंद कशाला करतेस?

सूनबाई : बंद केल्याशिवाय हात नाही घालायचा. वीज आधी, मग गॅसचा कॉक.

मामा : ते बरोबर. कॉकचा दांडा पाइपाला आडवा म्हणजे बंद, इथंही तेच ना? हां. पण आधी चालू असताना कशी चालते ते लिहून घे. आमच्या बॉयलर हाऊसमध्ये दर तासाला लॉगशीट भरायचं. स्टीमचं प्रेशर, फीड वॉटरचं टेंपरेचर, धुराचं टेंपरेचर. पाळी बदलली की नवा माणूस पहिल्यांदा कागद बघणार, मग बॉयलर. तुझा कागद कुठाय?

सूनबाई : फिल्टर बदलल्याची तारीख मार्करनं त्याच्याच कडेवर लिहिते.

मामा : तो कागद त्या फिल्टरबरोबर कचऱ्यात गेला. या यंत्रात मोजण्यासारखं काय आहे?

इथं सूनबाई क्षणभर अडल्या. मग दाराच्या आतल्या बाजूची पाटी वाचायला लागल्या. प्रत्येक फर्नेसवर अशी पाटी असते. मॉडेल, सीरियल नंबर, गॅसचा दाब यांच्याबरोबर एक ओळ असते ती तापमानवाढीची. फर्नेसमध्ये शिरणारी हवा आणि निघणारी हवा यांच्यात किती अंशांचा फरक पडायला हवा, ते तिथं छापलेलं असतं. या पाटीवर ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट होतं. अशी ओळ आहे हे घर घेतल्यापासून कुणी वाचलं नसावं. बहुतेकांच्या घरी नसतंच वाचलेलं.

वरून पाक मोजायचा थर्मामीटर आला, आणखी एक सापडला. एक परतीच्या डक्टच्या भोकात, दुसरा वर जाणाऱ्या डक्टच्या पहिल्या वळणापलीकडे, म्हणजे तापलेल्या नळ्यांची थेट धग त्याला लागणार नाही. फर्नेस पंधरा मिनिटं चालू दिली.

सूनबाई : आत ६६. बाहेर १३४.

मामा : म्हणजे अडुसष्टचा फरक. पाटीवर पासष्टपर्यंत. लिही. तारीख घाल.

सूनबाई : तीनच अंश जास्त आहे मामा.

मामा : हद्दीबाहेर आहे. तीन का तीस ते नंतर. आता बंद कर.

वीज बंद, गॅस बंद, दार निघालं. फर्नेसचं पंख्याकडचं दार काढलं की एक छोटी कळ सुटते आणि यंत्र चालूच होत नाही. ही कळ चिकटपट्टीनं दाबून ठेवणारे महाभाग असतात. त्यांना सूनबाईंच्या तोंडची विशेषणं मी इथं गाळतो. मग फिल्टर ओढून काढलं. एक इंच जाडीचं, पुठ्ठ्याच्या चौकटीतलं. मूळच्या पांढऱ्या घड्यांत करड्या लोकरीसारखा थर बसलेला, वरच्या कोपऱ्यात तेलकट पिवळट डाग. स्वयंपाकघरातली फोडणी डक्टमधून इथवर येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मामा : हे कापड फार दाट दिसतंय.

सूनबाई : मर्व्ह १३ आहे. हवा किती बारीक गाळते त्याचा आकडा. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथवर आला होता, शिकागोची हवा त्या दिवसांत जगातल्या सगळ्यात वाईट हवांमध्ये गणली गेली. तेव्हा मी हे आणलं आणि मग तेच आणत राहिले. जास्त गाळतं ते चांगलंच ना?

मामा : धूर गाळायला चांगलं. पण पंख्याला हवा ओढायला जागा कुठाय? हे बघ, आमच्याकडे ट्यूबेत पाणी असायचं आणि बाहेर जाळ. पाणी कमी पडलं की ट्यूब लाल व्हायची, फुगायची, फुटायची. गेज ग्लासवरून नजर हलली की माणूस संपला. इथं पाण्याच्या जागी हवा आहे. हवा कमी पडली की तुझा पत्रा तापणार.

सूनबाई : तापतो, पण त्यावर लिमिट स्विच आहे. फार तापला की बर्नर बंद होतो, पंखा फिरत राहतो, निवलं की परत पेटतो.

मामा : आमच्याकडे सेफ्टी व्हॉल्व्ह असायचा. तो रोज उडायला लागला तर आम्ही सेफ्टी व्हॉल्व्ह चांगला आहे म्हणून पेढे वाटायचो का? तापणं, निवणं, तापणं, निवणं यातच पत्र्याला चीर जाते.

सासऱ्यांनी फर्नेस आयुष्यात पहिल्यांदा उघडी पाहिली होती आणि मुद्दा मात्र अचूक पकडला होता. फर्नेस बंद पडायचं सगळ्यात साधं कारण तुंबलेलं फिल्टर, आणि उष्णता वाहणाऱ्या पत्र्याला चीर जाण्यामागंही बऱ्याचदा तेच असतं. एक इंची फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी बदलावं. चार-पाच इंच जाडीचं असेल तर सहा महिने ते वर्ष चालतं. पातळ चौकटीत मर्व्ह १३ बसवायचं तर पंखा आणि डक्ट ते पेलतात का, हे तापमान मोजूनच कळतं. नाहीतर मर्व्ह ८ पुरे. धूर आला तर तेवढ्यापुरतं दाट लावावं, मग काढावं. चौकटीवरचा बाण पंख्याकडे करावा. सूनबाईंनी कपाटातून मर्व्ह ८ काढलं, तारीख टाकली आणि या वेळी ती वहीतही लिहिली.

पुढचं प्रकरण जास्त तापलं.

सूनबाई : आता फ्लेम सेन्सर. ही बघा, ज्वाळेत उभी असते ती बारीक सळई. एका स्क्रूवर बसलेली. जाळ पेटला की त्यातून अगदी बारीक करंट जातो, मायक्रोअँपमध्ये. बोर्डाला तो मिळाला तरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. सळईवर थर बसला की करंट पोचत नाही, बोर्डाला वाटतं जाळ नाही, आणि काही सेकंदांत गॅस बंद. दोन-चारदा प्रयत्न करून यंत्र लॉक होतं. ऐन थंडीत रात्री अडीचला हेच होतं. बारीक स्टील वुलनं पुसली की झालं.

मामा : ही जाळाच्या बाजूची वस्तू आहे. तिला तू हात लावायचा नाही.

सूनबाई : का? गॅसच्या पाइपाला हात लावत नाही, व्हॉल्व्हला नाही, बर्नरला नाही. ही नुसती सळई आहे. हिच्यासाठी माणूस बोलावला तर तोही हेच करणार, फक्त बिल देऊन.

मामा : पुसलीस, बरं. पण मळली कशानं?

सूनबाई : जळते रोज. ऑक्साइड बसतं.

मामा : दर वर्षी एकदा बसलं तर ऑक्साइड. महिन्या-दोन महिन्याला बसायला लागलं तर दुसरं काहीतरी आहे. सळईभोवतीची चिनी माती तडकली असेल, अर्थिंग गेलं असेल, जाळच वाकडा जळत असेल. तू पुसत राहशील आणि रोग आत वाढेल. म्हणून म्हणतो, जाळाकडचं काम शिकलेल्या माणसाचं.

सूनबाई : शिकलेल्याचं म्हणजे सर्टिफिकेटवाल्याचं?

मामा : अर्थात.

सूनबाई : मग ऐका. या इलिनॉय राज्यात केस कापायचे तर राज्याचं लायसन्स लागतं. नखं रंगवायला लागतं. फर्नेस दुरुस्त करायला राज्याचं लायसन्सच नाही! एसीतला गॅस हाताळायचा तर केंद्राचं सर्टिफिकेट लागतं, पण जाळासाठी राज्याची परीक्षा नाही. गावोगावच्या नगरपालिकांचे काय असतील ते नियम. काही राज्यांत लायसन्स आहे, इथं नाही. तुमचा इन्स्पेक्टर कुठून आणू?

मामा गप्प झाले. मला वाटतं या वादातला सगळ्यात खरा क्षण हाच. आपल्याकडच्या माणसाला अमेरिका म्हणजे नियमांचं राज्य वाटते. पण घराच्या तळघरापर्यंत नियमांचा हात पोचेलच असं नाही. नवी फर्नेस बसवताना परमिट लागतं, तपासणी होते, त्यानंतर ती म्हातारी होईपर्यंत तिच्याकडे सरकारचं माणूस फिरकत नाही. वॉरंटीच्या कागदात मात्र दर वर्षी जाणकाराकडून देखभाल करून घ्या असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं, आणि तो कागद कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

मामा : म्हणजे जो येतो त्याला काय येतं, हे कुणीच तपासलेलं नाही?

सूनबाई : चांगल्या कंपन्या ट्रेनिंग देतात. पण मला कळणार कसं?

मामा : त्याच्या हातात काय आहे त्यावरून. आमच्याकडे नवा इंजिनियर आला की आम्ही त्याच्या डिग्रीकडे बघत नव्हतो. पहिल्यांदा गेज बघतो की खुर्ची, एवढंच बघायचो. या जाळाचा धूर मोजायचं काही मशीन असेल की नाही?

सूनबाई : आहे. कम्बशन अॅनलायझर. धुराच्या पाइपात नळी घालतात. ऑक्सिजन किती, कार्बन मोनॉक्साइड किती, सगळं येतं. गॅसचा दाबही मॅनोमीटरवर बघतात. नैसर्गिक वायूला साधारण साडेतीन इंच वॉटर कॉलम.

मामा : मागच्या माणसानं हे घातलं होतं?

सूनबाई : त्यानं व्हॅक्यूम घातला होता.

मामा : मग तो माणूस नव्हे, झाडूवाला. झाडायला तू आहेसच.

सळई शेवटी सूनबाईंनीच पुसली. मामा बघत होते. सळईच्या जवळच इग्नायटर असतो, दाबलेल्या इंग्रजी एम अक्षरासारखा किंवा चपट्या पट्टीसारखा. विजेनं लालभडक होऊन गॅस पेटवणारा. त्याला बोट लावू नये. त्वचेचं तेल लागलं की तापल्यावर तिथं तडा जातो, जुन्या प्रकारचे तर फारच ठिसूळ. सूनबाईंनी तो डोळ्यांनी बघितला, पांढरा डाग नाही म्हणाल्या आणि सोडून दिला. त्यांची शिस्त मला आवडली. काय करायचं हे व्हिडिओ सांगतात, काय करायचं नाही हे मॅन्युअल सांगतं.

मग पाण्याचं काम. नव्या, नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये धूर इतका निवतो की त्यातली वाफ आतच पाणी होऊन पडते. हे पाणी आंबट असतं. पांढऱ्या नळीतून ते एका छोट्या ट्रॅपमध्ये आणि तिथून जमिनीतल्या जाळीत जातं. ट्रॅपमध्ये शेवाळासारखा बुळबुळीत गाळ धरतो. पाणी तुंबलं की धुराच्या वाटेतला प्रेशर स्विच लागत नाही आणि फर्नेस पेटायचं नाव घेत नाही. सूनबाईंनी ट्रॅप काढून बेसिनमध्ये खळखळून धुतला. बाहेर घराच्या भिंतीतून दोन प्लास्टिकचे पाइप निघतात, एक हवा आत घ्यायचा, एक धूर सोडायचा. मामा तिकडे जाऊन आले. आतमध्ये कोळ्याचं जाळं होतं, तेवढं काढलं. बर्फाचं वादळ झाल्यावर हे दोन पाइप पहिल्यांदा उकरून मोकळे करायचे असतात, गाडी नंतर.

मामा : आता पेटव. जाळ मला बघू दे.

दार लागलं, गॅसचा दांडा उभा झाला, वीज आली. आधी धूर ओढणारा छोटा पंखा गुरगुरला. मग काचेच्या पिटुकल्या खिडकीत इग्नायटर लाल, केशरी, पांढरा झाला. फस् असा आवाज आला आणि बर्नरची रांग पेटली. मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

मामा : निळा आहे. सरळ उभा आहे. आमचा बगॅसचा जाळ पिवळाधमक असायचा, इथं पिवळा चालणार नाही ना?

सूनबाई : नाही. पिवळा, लोळणारा म्हणजे हवा नीट मिळत नाही. लगेच बंद करायचं आणि माणूस बोलवायचा.

मामा : गप. आता मोठा पंखा लागेल. तेव्हा बघायचंय.

अर्ध्या मिनिटानं मोठा पंखा सुरू झाला. ज्वाळा हलल्या नाहीत. पंखा लागताच जाळ फडफडला किंवा एका बाजूला झुकला तर आतल्या पत्र्याला चीर असण्याची शक्यता असते, कारण पंख्याची हवा जाळात शिरायला लागलेली असते. ही खूण सूनबाईंना माहीत होती, पण त्यांनी कधी वाकून बघितली नव्हती. मामांना माहीत नव्हती. बघितली मात्र त्यांनीच.

सूनबाई : झालं समाधान?

मामा : बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. आणि तो मोनॉक्साइड वायूही दिसत नाही, वास नाही. आपल्याकडं बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून माणसं जातात, दर थंडीत पेपरात येतं. गॅस गळला तर वास येतो, कळतं.

सूनबाई : तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. १९३७ साली टेक्सासमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला गॅस साठून स्फोट झाला. तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वास घालायची सक्ती झाली. मोनॉक्साइडला मात्र वास घालता येत नाही, तो जळण्यातूनच तयार होतो. रक्तात ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आगी सोडून नुसत्या या वायूनं अमेरिकेत दर वर्षी चारशेच्या वर माणसं जातात. म्हणून वर झोपायच्या खोल्यांबाहेर अलार्म आहे. २००७ पासून इथं कायदाच आहे, झोपायच्या खोलीपासून पंधरा फुटांत.

मामा : किती झाला की वाजतो?

सूनबाई : दहा लाखांत सत्तर भाग असेल तर एक ते चार तासांत. दीडशेला दहा ते पन्नास मिनिटांत. चारशेला चार ते पंधरा मिनिटांत.

मामा : आणि तीस-चाळीस असेल तर? रात्रभर?

सूनबाई : ...तर बहुधा वाजणार नाही.

मामा : मग बोलाव त्या मशीनवाल्याला. दर वर्षी नको वाटलं तर नको म्हण, पण एकदा तरी आकडा वहीत येऊ दे. पुढच्या खेपेला तो आकडा वाढला की कळेल.

थर्मामीटर पुन्हा लावले. आत ६७, बाहेर ११९. फरक ५२, पाटीच्या मधोमध. दाट फिल्टर गेलं आणि सोळा अंश उतरले. मी मामांकडे बघितलं. त्यांनी फक्त वही पुढे केली.

या वादात दोघांचंही थोडं थोडं बरोबर, असं म्हणून सुटता येईल, पण ते खरं होणार नाही. फिल्टर, ट्रॅप, बाहेरचे पाइप, डक्टच्या जाळ्यांसमोरचा सोफा सरकवणं, ह्युमिडिफायर असेल तर त्याचं पॅड बदलणं, ही कामं घरच्या माणसाचीच. त्यासाठी माणूस बोलावणं म्हणजे पैसे देऊन स्वतःचं घर अनोळखी ठेवणं. सूनबाई इथं पूर्ण बरोबर. सेन्सरची सळई हिंमत आणि मॅन्युअल असेल तर पुसावी, नसेल तर नाही. पण गॅसचा दाब, बर्नरची जुळणी, पत्र्याची चीर, धुरातलं मोनॉक्साइड हे नटड्रायव्हरनं कळत नाही, व्हिडिओनं तर नाहीच. तिथं मामांचं खरं, फक्त सर्टिफिकेटाचा त्यांचा हट्ट इथं लागू पडत नाही. ज्या गावात परवाना नाही तिथं मोजमाप हाच परवाना मानावा लागतो. आणि मामांची वही दोघांच्याही बाजूच्या वर आहे. तिच्यामुळं एका फिल्टरची गोष्ट पाहुण्या माणसाला कळली, घरमालकिणीला इतके हिवाळे कळली नव्हती.

दुपारी सूनबाईंनी तीन ठिकाणी फोन केले. प्रत्येकाला एकच विचारलं, धुराच्या पाइपात अॅनलायझर घालून आकडे लिहून देणार का? एकानं सवलतीचं कूपन सांगायला सुरुवात केली. दुसऱ्यानं फर्नेस किती वर्षांची आहे ते विचारलं. तिसरा म्हणाला, घालतो, कागदही देतो, पण गुरुवारशिवाय जमणार नाही. गुरुवार ठरला.

तुमच्या घरात फर्नेस असेल तर हा प्रश्न फोनवर विचारून बघा. आणि आज वर जाऊन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवरून काढा, उलटा करा, मागची तारीख वाचा. साधारण सात ते दहा वर्षांनी त्यातला सेन्सर निकामी होतो. टेस्टचं बटण दाबलं तर भोंगा वाजतो, पण वायू ओळखता येतोच असं नाही. मुदत संपली असेल तर दिवाळीच्या खरेदीत आकाशकंदिलाच्या आधी नवा अलार्म आणा.